कांताबाई पि. ज्ञानोबा, सुनिता भ्र. बालाजी: एक बाई, दोन शिवारं, सहा नावं

शेतकरी ओळख क्रमांक काढायला सेवा केंद्रावर गेलेल्या बावन्न वर्षांच्या एका बाईचे हे प्रकरण. माहेर वसमत तालुक्यात, सासर पूर्णा तालुक्यात. सासरी पतीच्या पश्चात नावावर आलेली दोन एकर, म्हणजे ८१ आर. माहेरी वडिलांच्या वारसाने, भावांबरोबर सामाईक खात्यात, तिच्या हिश्श्याची दीड एकर, म्हणजे ६१ आर. केंद्रावर आधारचा अंगठा लागला, सासरचा गट, म्हणजे सातबाऱ्यावरचा जमिनीचा तुकडा, जोडला गेला आणि माहेरच्या गटाला येऊन काम थांबले.

"मावशी, इथं कांताबाई हाय अन् आधारवर सुनिता. ही दुसरीच बाई दिसायली."

"दुसरी कशाची रे लेकरा, दोन्ही म्याच की."

दोघांचेही बरोबर होते, आणि गुंता तिथेच आहे. (प्रकरणातली व्यक्ती व तिची नावे नमुन्यादाखल घेतली आहेत. मराठवाड्यातल्या तहसील कार्यालयांत आणि सेवा केंद्रांवर वारंवार येणाऱ्या अडचणी एका बाईच्या कागदांत एकत्र मांडल्या आहेत.)

महाराष्ट्रात २०२५ पासून शेतीच्या योजनांसाठी हा ओळख क्रमांक लागतो. एका शेतकऱ्याचा एकच क्रमांक, आणि त्याखाली त्याची सगळ्या गावांतली जमीन. पुरुषाची जमीन बहुधा एका नावाने असते, फरक पडला तर ऱ्हस्व-दीर्घाचा. बाईची जमीन माहेरच्या आणि सासरच्या अशा दोन गावांत असेल, तर ती दोन नावांनी असण्याचीच शक्यता जास्त. मुलींना वडिलांच्या जमिनीत हिस्सा कायद्याने मिळाला, सातबाऱ्यावर नावही लागले. पण ते लागताना माहेरची बाई म्हणून लागले, आणि आधार काढताना ती सासरची होती.

कागद जसेच्या तसे उतरवणे

अशा कामात पहिल्या दिवशी कुठलाही अर्ज करायचा नाही. सगळे कागद समोर ठेवून प्रत्येकावरचे नाव अक्षर न् अक्षर, वेलांटीसकट, टिंबासकट एका पानावर उतरवायचे. शेजारी तीन गोष्टी लिहायच्या: कागद कोणत्या साली झाला, नाव कोणी लिहिले, आणि त्याने ते कशावरून लिहिले. उतरवताना हात आपोआप शुद्ध लिहितो. तो आवरायला हवा, कारण "सुनिता" बघून "सुनीता" लिहिले की पुढचा शोध चुकीच्या वाटेने जातो.

या बाईचे पान असे निघाले:

शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, पहिली ते चौथी: जाधव कांता ग्यानोबा
माहेरचा संगणकीकृत सातबारा: कांताबाई पि. ज्ञानोबा
सासरचा सातबारा: सुनिताबाई भ्र. बालाजी शिंदे
मतदार ओळखपत्र: शिंदे सुनीता बालाजीराव
आधार: सुनिता बालाजी शिंदे
बँक पासबुक: कांताबाई बालाजी शिंदे

जन्मदाखला नाही. विवाह नोंदणीचा दाखलाही नाही, कारण लग्न १९९१ चे आणि त्या काळी खेड्यात ती नोंदणी कोणी करत नसे. शाळेच्या उताऱ्यावर जन्मस्थळ "ता. वसमत, जि. परभणी" आणि आधारच्या आधाराने भरलेल्या अर्जात "ता. वसमत, जि. हिंगोली". हा फरक पाहून एका ठिकाणी जन्मस्थळाचाही खुलासा मागितला गेला. खुलासा एका ओळीचा आहे: हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला, त्याआधीच्या कागदावर परभणीच असणार. मराठवाड्यात हे सतत निघते. जालना १९८१ मध्ये, लातूर १९८२ मध्ये वेगळे झाले. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव २०२३ मध्ये झाले. त्याहून मागे गेले तर अंबाजोगाई निजामी कागदांत मोमिनाबाद म्हणून सापडते. जुन्या कागदावरचे गाव-जिल्ह्याचे नाव दुरुस्त करून घेण्याच्या नादी लागू नये. तो कागद त्या दिवशी बरोबर होता.

सहा नावांत चुका किती?

लोक सहा नावे पाहून सहा चुका मोजतात. फरकांच्या जाती लावल्या की चित्र बदलते.

पहिली जात लिखाणाची. सुनिता आणि सुनीता. वाचणाऱ्याला हा फरक जाणवतही नाही, पण यंत्रासाठी ऱ्हस्व आणि दीर्घ वेलांटी ही दोन वेगळी अक्षरचिन्हे आहेत. ग्यानोबा आणि ज्ञानोबा हेही याच जातीचे. दिंडीत आपण "ग्यानबा-तुकाराम" म्हणतो, मास्तरांनी कानाला आले तसे लिहिले. तलाठ्याने पुस्तकी "ज्ञ" लिहिला. रोमन लिपीत गेल्यावर हाच "ज्ञ" आणखी फुटतो. मराठी माणूस तो डी-एन-वाय असा लिहितो, कारण आपला उच्चार "द्न्य" आहे. हिंदीच्या वळणाने चालणारे लिप्यंतर जी-वाय करते. आणि डी-एन-वाय लिहिलेले नाव यंत्राने परत देवनागरीत आणले की "द्न्यानोबा" असे कोणत्याच कागदावर नसलेले तिसरे नाव तयार होते. आधार नोंदणीत रोमन लिहिताच मराठी आपोआप उमटते. ते तिथेच पडद्यावर वाचून हाताने दुरुस्त करायचे असते, पावती हातात आल्यावर नव्हे.

दुसरी जात आदराची: बाई, राव, बा. "कांता" आठ वर्षांची होती तेव्हा शाळेत कांता, जमिनीची धनीण झाली तेव्हा कांताबाई. तलाठ्याने "बाई" लावली ती मान म्हणून, नावाचा भाग म्हणून नव्हे. मतदार यादीत नवऱ्याला "राव" लागला तोही तसाच.

तिसरी जात क्रमाची. शाळेच्या रजिस्टरात आडनाव आधी, मग मुलाचे नाव, मग वडिलांचे. आधारवर स्वतःचे नाव आधी आणि आडनाव शेवटी. इंग्रजी फॉर्मवरचा "लास्ट नेम" हा शब्द इथे घात करतो. लास्ट म्हणजे शेवटचे, आणि "जाधव कांता ग्यानोबा" यात शेवटचे ग्यानोबा, म्हणून आडनावाच्या चौकटीत बापाचे नाव जाऊन बसते. नांदेडकडे, देगलूर-बिलोलीच्या पट्ट्यात, यात तेलुगूची भर पडते. तेलुगूत घराण्याचे नाव आधी येते आणि घरची माणसे ते बहुतेक वेळा आद्याक्षरावरच आटोपतात, त्यामुळे फॉर्मवर आडनाव म्हणून एकच अक्षर उरते.

चौथी जात मराठवाड्याची खास आहे आणि तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहिले पाहिजे, कारण हे प्रकरण तिथे अडले आणि तिथेच सुटले.

पि. आणि भ्र.

"पि." म्हणजे पिता. "भ्र." म्हणजे भ्रतार, नवरा. "कांताबाई पि. ज्ञानोबा" हे नाव, वडिलांचे नाव, आडनाव अशा साच्यातले नाव नाही; ते एक छोटे वाक्य आहे: कांताबाई, जिचा बाप ज्ञानोबा. "सुनिताबाई भ्र. बालाजी" हेही वाक्यच: सुनिताबाई, जिचा नवरा बालाजी. जुन्या निजामी कागदांत याच जागी "वल्द" आणि "जौजे" येतात. वल्द हा अरबी वलदवरून, म्हणजे मूल. जौजे म्हणजे बायको. मोडी कागदांत "बिन" भेटतो. शब्द बदलत गेले, प्रश्न एकच राहिला: ही व्यक्ती कोणाची?

एका गावात एका काळी चार ज्ञानोबा आणि सहा कांताबाई असत. आडनाव लिहून फारसा उपयोग नव्हता, कारण अर्धी वस्ती एकाच आडनावाची. बापाचे नाव लावले की माणूस नेमका सापडायचा. म्हणून मराठवाड्याच्या जुन्या महसुली नोंदींत आडनाव नसलेली नावे पानोपानी दिसतात. ती अपुरी नाहीत. ज्या गावासाठी लिहिली त्या गावाला ती पुरेशी होती.

जगात ही रीत एकट्या आपली नाही. आइसलँडमध्ये आजही बहुतेकांना घराण्याचे आडनाव नसते. बापाच्या किंवा आईच्या नावाला "मुलगा" किंवा "मुलगी" या अर्थाचा शब्द जोडतात, त्यामुळे सख्ख्या भावाबहिणीचे शेवटचे नाव वेगळे असते. तिथली दूरध्वनी सूची पहिल्या नावाने लावलेली असायची. स्पेनमध्ये माणसाला दोन आडनावे, एक बापाकडून आणि एक आईकडून, आणि लग्नाने बाईचे नाव बदलत नाही. कॅनडाच्या क्विबेक प्रांतात १९८१ पासून लग्नानंतरही बाईला कायद्याच्या कामात जन्मनावच वापरावे लागते. जपानमध्ये उलट, नवराबायकोला कायद्याने एकच आडनाव घ्यावे लागते. तामिळनाडूत बापाच्या नावाचे आद्याक्षर पुढे लागते. इंडोनेशियात एकच शब्दाचे नाव असणारी माणसे पुष्कळ. पहिले, मधले, शेवटचे अशा तीन चौकटींचा फॉर्म यांपैकी फार थोड्यांना बसतो. आपल्याला तो थोडाफार बसल्यासारखा वाटतो, कारण स्वतःचे, बापाचे किंवा नवऱ्याचे, आणि आडनाव असे मराठी नावाचेही तीन तुकडे पडतात. पण आपला मधला तुकडा नाते सांगतो, आणि ते नाते लग्नाने बदलते. इंग्रजी वळणाचे मधले नाव जन्मभर तेच राहते. आपल्या बायकांचे कागद बिघडतात ते या एका फरकामुळे.

संगणकावर सातबारा आणताना खातेदाराच्या नावासाठी असेच तुकडे पाडावे लागले. "पि." कुठे ठेवायचा? कोणी तो मधल्या चौकटीत नावासकट टाकला, कोणी पहिल्यातच सगळे लिहून बाकी मोकळे सोडले. माहेरच्या सातबाऱ्यावर "कांताबाई पि. ज्ञानोबा" हे सगळे एकाच चौकटीत होते आणि आडनावाची चौकट रिकामी. आधारशी ताडून पाहणाऱ्या यंत्राला "पि." हा नावाचाच एक शब्द वाटला, "ज्ञानोबा" हे आडनाव वाटले, आणि "सुनिता बालाजी शिंदे"शी एकही शब्द जुळला नाही.

पाचवी जात म्हणजे नावच वेगळे. कांता आणि सुनिता. हा खरा फरक. बाकीच्या चार जातींचे समाधान खुलाशाने होते, हिला पुरावा लागतो.

तांदळातले नाव

लग्नात नवरीचे नाव बदलण्याची रीत मराठवाड्यात पुष्कळ घरांत होती, काही घरांत आजही आहे. ताटात तांदूळ पसरतात, नवरदेव अंगठीने त्यात नवे नाव लिहितो, ते चारचौघांत वाचले जाते, पेढे वाटले जातात आणि तांदूळ परत भरून ठेवतात. नव्या नावाचा लेखी पुरावा तेवढ्यापुरताच. त्या दिवसापासून सासरचा प्रत्येक कागद सुनिता म्हणतो आणि माहेरचा प्रत्येक कागद कांता म्हणतो. या दोन्हींना जोडणारा कागद कधी झालेलाच नसतो.

बँकेचे खाते बचत गटाच्या वेळी उघडले. ओळख द्यायला माहेरकडून त्याच गावात दिलेली एक बाई होती. तिने "कांताबाई" सांगितले आणि आडनाव मात्र सासरचे लागले. गोंधळलेले दिसणारे हे नाव प्रत्यक्षात फार कामाचे निघते. "कांता" आणि "शिंदे" एकाच कागदावर आलेला, काही वर्षे जुना, बँकेचा पुरावा! तो आधी दुरुस्त करायचा नसतो. बहुतेक लोक नेमके उलटे करतात: बँकेत जाऊन सोपे म्हणून पहिल्याच आठवड्यात नाव आधारप्रमाणे करून घेतात आणि हातातला दुवा पुसून टाकतात. दुरुस्तीआधी पासबुकाच्या पहिल्या पानाची शिक्का मारलेली प्रत तरी घेऊन ठेवावी.

दुसरा दुवा ट्रंकेत सापडला. लग्नपत्रिका. वर गणपती, खाली डावीकडे "चि. बालाजी" आणि उजवीकडे "चि. सौ. कां. कांता", दोन्ही बापांची नावे, दोन्ही गावे, तालुके, तिथी आणि तारीख. यातले "सौ. कां." म्हणजे सौभाग्यकांक्षिणी, म्हणजे अजून लग्न व्हायची मुलगी, आणि ते नावाचा भाग नाही हे अर्जात लिहून द्यावे. एका प्रतीवर ते "सौ. कांकांता" असे एकत्र छापले गेले होते. लग्नपत्रिका हा एकट्याने चालणारा पुरावा नव्हे. पण माहेरचे नाव, बापाचे नाव, नवऱ्याचे नाव आणि दोन्ही गावे एकाच कागदावर देणारे त्या काळचे दुसरे काही खेड्यातल्या घरात सहसा नसते, म्हणून शपथपत्राला ती जोडल्याने वजन येते.

(२०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेच्या अर्जात लग्नापूर्वीच्या नावासाठी स्वतंत्र जागा होती. एवढी एक रकान्याची सोय इतर नोंदींत असती तर यातली अर्धी प्रकरणे उभीच राहिली नसती.)

कुठला कागद खुंटा धरायचा

सगळ्या कागदांवरची नावे एकसारखी करण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. तो महागात पडतो. एक कागद खुंटा धरायचा आणि बाकीचे त्याला बांधायचे. बांधण्यासाठी जेवढे बदलावे लागेल तेवढेच बदलायचे.

इथे खुंटा आधार. कारण व्यवहाराचे आहे: ओळख क्रमांक आधारवर निघतो, अनुदान आधारला जोडलेल्या खात्यात जाते, आणि आधारवरचे नाव जन्मात दोनदाच बदलता येते. या बाईची एक संधी "बाई" काढण्यात आधीच गेली होती. कोणीतरी तिला "आधारच कांताबाई करून टाका, म्हणजे माहेरचा सातबारा जुळेल" असे सुचवले होते. तसे केले असते तर दुसरी संधीही गेली असती, सासरचा सातबारा तुटला असता, मतदार यादी तुटली असती आणि नवऱ्याच्या वारस नोंदीत "पत्नी सुनिता" असलेल्या बाईला आपणच ती पत्नी आहोत हे सिद्ध करत बसावे लागले असते.

तिच्याकडे पॅन नव्हते. ज्यांच्याकडे असते त्यांनी एक गोष्ट पाहावी. पॅनचे पाचवे अक्षर हे काढतेवेळच्या आडनावाचे रोमन आद्याक्षर असते. जाधव असताना काढले तर तिथे "जे" राहते, नाव शिंदे केले तरी क्रमांक बदलत नाही. ती चूक नव्हे, नवे पॅन काढण्याचे कारणही नव्हे. दोन पॅन बाळगणे हा मात्र दंडाचा विषय आहे.

फसलेला अर्ज

पहिला अर्ज असा होता: "माहेरच्या सातबाऱ्यावरील कांताबाई पि. ज्ञानोबा हे नाव कमी करून सुनिता बालाजी शिंदे असे दुरुस्त करावे." महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ चे कलम १५५ लावून तो दिला गेला आणि नामंजूर झाला. नामंजूर होणेच योग्य होते. कलम १५५ लेखनप्रमादासाठी आहे: मुळात एक होते आणि उतरवताना दुसरे झाले, अशी चूक. कांताच्या जागी सुनिता हा लेखनप्रमाद नाही. एक नाव काढून दुसरे लावणे म्हणजे कागदावर एका खातेदाराची जमीन दुसऱ्या खातेदाराला जाणे, आणि त्यासाठी हक्क संपादन दाखवावे लागते. तहसीलदारांसमोर दोन वेगळ्या बायका नाहीत हे अर्जदाराला माहीत आहे, कागदाला माहीत नाही.

अशा नामंजुरीवर लगेच अपील करायला धावू नये. आधी मूळ नोंद काढून पाहावी. संगणकीकृत सातबारा ही नक्कल आहे, मूळ नव्हे. मूळ म्हणजे हस्तलिखित फेरफार, गाव नमुना ६, ज्यात जमिनीच्या हक्कातला प्रत्येक बदल नोंदला जातो. त्यासाठी सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या वरच्या भागात, खातेदाराच्या नावाजवळ कंसात दिलेला फेरफार क्रमांक घ्यायचा, गावाचे नाव आणि क्रमांक लिहून तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करायचा. क्रमांक धूसर असेल तर संगणकीकरणाआधीचा हस्तलिखित सातबारा आधी मागावा, त्यावर तो शाईत गोल करून दिलेला असतो.

वडिलांच्या मृत्यूनंतरच्या त्या वारस फेरफारात तिसऱ्या ओळीवर निळ्या शाईत हे होते: "३) कांताबाई पि. ज्ञानोबा भ्र. बालाजी शिंदे, रा. ता. पूर्णा". मध्ये गावाचे नाव, शेवटी मंडळ अधिकाऱ्याची सही.

तलाठ्याने दोन्ही वाक्ये लिहिली होती. जिचा बाप ज्ञानोबा, जिचा नवरा बालाजी शिंदे. बाई कुठली आणि गेली कुठे, हे सगळे एका ओळीत. संगणकावर आणताना चौकटीत मावले तेवढे घेतले गेले आणि "भ्र."पासून पुढचे गळाले. २०१७ च्या चावडी वाचनात, म्हणजे संगणकावरचे सातबारे गावासमोर वाचून दाखवले तेव्हा, हे लक्षात यायला हवे होते. पण वाचनाला भाऊ हजर होते, त्यांच्या ओळी बरोबर होत्या, आणि बहीण तीस किलोमीटरवर सासरी होती.

आता हा शंभर टक्के लेखनप्रमाद झाला. मूळ नोंदीत आहे, नकलेत नाही.

दुसरा अर्ज

दुसऱ्या अर्जात सुनिता हा शब्दच नव्हता. मागणी एवढीच: "फेरफारातील मूळ नोंदीप्रमाणे नाव पूर्ण करावे." सोबत हस्तलिखित फेरफाराची प्रमाणित नक्कल, जुना हस्तलिखित सातबारा, चालू सातबारा, गाव नमुना ८-अ म्हणजे खात्याचा उतारा, आणि दोन्ही भावांचे संमतीचे जबाब. भावांच्या जबाबाबाबत लोक कचरतात, कारण हिश्श्याचा विषय नाजूक असतो. पुष्कळ घरांत बहिणीचे नाव लागते ते पुढे हक्कसोडपत्र लिहून घेण्यापुरतेच. भाऊ जबाब देणार नसतील तरी अर्ज थांबत नाही, त्यांना नोटीस निघते आणि मूळ फेरफार बोलतो. वेळ मात्र लागतो.

तहसीलदारांचा आदेश झाला. ग्राम महसूल अधिकाऱ्याने, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याने, आदेशावरून दुरुस्तीचा फेरफार घेतला, मंडळ अधिकाऱ्याने तो प्रमाणित केला. फेरफार प्रमाणित झाला म्हणून निर्धास्त होऊ नये. लगेच सातबारा काढून नाव चौकटींत कसे पडले ते पाहावे. इथे ते पहिल्या चौकटीत "कांताबाई", मधल्या चौकटीत "भ्र. बालाजी", आणि आडनावाच्या चौकटीत "शिंदे" असे पडले. "पि. ज्ञानोबा" फेरफाराच्या मजकुरात राहिले, सातबाऱ्याच्या नावात नाही. ही तडजोड चालण्यासारखी आहे, कारण आधारवरच्या तीन शब्दांपैकी दोन आता जुळतात.

उरला पहिला शब्द. त्यासाठी राजपत्र.

राजपत्रात नावबदलाची जाहिरात शासनाच्या मुद्रण व लेखनसामग्री संचालनालयामार्फत ऑनलाइन अर्जाने छापून येते. जुने नाव, नवे नाव, कारण, पत्ता, फोटो आणि जुन्या नावाचा पुरावा लागतो. हमखास चुकते ती गोष्ट म्हणजे जुन्या नावाचे रूप. पुरावा म्हणून शाळेचा उतारा जोडायचा आणि जुने नाव "कांताबाई ज्ञानोबा जाधव" टाकायचे, तर उताऱ्यावर ना "बाई" आहे ना "ज्ञानोबा". छापून आलेले राजपत्र मग शाळेलाही जुळत नाही आणि सातबाऱ्यालाही नाही. अर्जदाराने भरलेल्या मजकुरातली चूक नंतर फुकट दुरुस्त होत नाही, नवा अर्ज करावा लागतो. म्हणून जुने नाव पुराव्याच्या कागदावर जसे आहे तसेच: कांता ग्यानोबा जाधव. नवे नाव आधारवर जसे आहे तसेच: सुनिता बालाजी शिंदे. ऱ्हस्व "नि"सकट. शुद्धलेखनाचा मोह इथे नको.

मधले पर्याय, म्हणजे कांताबाई, ज्ञानोबा, सुनिताबाई, सुनीता, बालाजीराव, बँकेवरचे कांताबाई बालाजी शिंदे, हे सगळे शपथपत्रात येतात. शपथपत्राचे वाक्य सरळ असावे: "खालील सर्व नावे माझीच असून ती एकाच व्यक्तीची आहेत", आणि खाली प्रत्येक नावापुढे कागदाचे नाव व क्रमांक. लग्नपत्रिका आणि पासबुकाची जुनी प्रत जोडायची. पोलीस पाटलांचा दाखला दोन्ही गावांचा घ्यावा. लोक एकट्या सासरचा घेतात, पण कांता कोण हे सासरच्या पोलीस पाटलाला माहीत असण्याचे कारण नाही.

हे सगळे हातात आल्यावर माहेरच्या सातबाऱ्यावर "कांताबाई भ्र. बालाजी शिंदे ऊर्फ सुनिता बालाजी शिंदे" अशी नोंद मागितली. पहिल्या अर्जातली "कमी करून" ही भाषा इथे नव्हती. कोणाचे नाव काढले जात नव्हते, हिस्सा हलत नव्हता. नोटिशीचे पंधरा दिवस हरकतीविना गेले आणि नोंद मंजूर झाली. "ऊर्फ" हा छोटा शब्द मराठी कागदांत फार जुना आहे, आणि दोन नावांपैकी एकालाही खोटे न ठरवणारा दुसरा शब्द आपल्याकडे नाही.

सेवा केंद्रावर माहेरचा गट पुन्हा शोधला. नाव पूर्ण जुळले नाहीच, "ऊर्फ"मुळे जुळणीचे गुण कमीच आले. पण आता प्रकरण यंत्राने नाकारले नाही, पडताळणीसाठी ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे गेले, आणि त्याच्यासमोर मंजूर फेरफार होता. दोन्ही गट एका क्रमांकाखाली आले.

याच साच्यातली इतर नावे

मराठवाड्यातल्या मुस्लिम कुटुंबांत हीच अडचण वेगळ्या रूपात येते. "शेख महेबूब शेख इमाम" या नावात पहिले शेख स्वतःचे, दुसरे बापाचे. शेवटून आडनाव धरणाऱ्या फॉर्ममध्ये महेबूबचे आडनाव "इमाम" होते. त्याचा मुलगा "शेख इरफान शेख महेबूब", त्याचे आडनाव "महेबूब". तीन पिढ्यांत तीन आडनावे, आणि वारस नोंदीला कोणी कोणाचा लागत नाही. आडनावाच्या चौकटीत "शेख", पहिल्या नावात "इरफान", मधल्यात "महेबूब" असे मुलाच्या जन्मदाखल्यापासून ठरवून टाकावे. शेखचे रोमन स्पेलिंग तर एका घरात चार प्रकारे सापडते. घरातल्या ज्याचा पासपोर्ट आधी निघाला त्याचे बाकीच्यांनी धरावे. आखातात कामाला जाणाऱ्यांना याची झळ लागते. आडनावाची चौकट रिकामी असलेल्या पासपोर्टवर पर्यटक किंवा भेटीच्या व्हिसाने येऊ देणार नाही, असे संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर केले होते. पासपोर्टच्या खालच्या यंत्र-वाचनीय ओळीत नावासाठी ३९ जागा असतात. दोन शेख, "मोहम्मद" आणि बापाचे पूर्ण नाव घातले की त्या कमी पडतात आणि नाव तुटते.

निजामी काळातल्या नोंदी काढायच्या असतील तर उर्दू लिपीची सवय असलेला वाचक हवा, आणि त्याला गावातली नावे माहीत हवीत. उर्दूत ण आणि ळ नाहीत, म्हणून काळे "काले" होतो. घाईच्या हस्ताक्षरात गाफ या अक्षराची वरची रेघ सुटली की गोविंदाचा "कोविंद" होतो, नुक्ते म्हणजे अक्षराचे ठिपके कमी पडले की बापूचा "बाबू". ऱ्हस्व स्वर तर बहुधा लिहिलेच जात नाहीत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळे नाहीत आणि शब्दांत जागा सोडलेली नसते, त्यामुळे नाव कुठे संपते आणि "बिन" कुठे सुरू होते हे वाचणाऱ्याने ठरवायचे असते. भाषांतरित नकलेत नाव चुकले असे वाटले तर भाषांतरावर भांडण्याआधी मूळ पानाचा फोटो मागावा.

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदांवर मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम आहे. आईचे कुठले नाव लिहायचे, माहेरचे की तांदळातले, हे दवाखान्यात जन्माची माहिती भरतानाच ठरते. आईच्या आधारवर आहे तेच लिहावे. आजी "आमच्यात तिला अमुक म्हणतात" म्हणून सांगेल, आणि परिचारिका ते लिहूनही घेईल. तेवढे थांबवावे.

या प्रकरणात शेवटी बँकेचे खाते आधारप्रमाणे करून घेतले, राजपत्राची प्रत जोडून. अनुदान त्याआधीही येत होते, कारण पैसा आधार क्रमांकावरून खात्यात जातो, नाव पाहून नव्हे. अडले असते ते पुढच्या केवायसीला. मतदार यादीतला "राव" आणि दीर्घ "नी" तसेच ठेवले. त्याने काही अडत नाही. शाळेचा उतारा बदलायचा प्रश्नच नव्हता; माणूस शाळेत ज्या नावाने होता त्या नावानेच तो राहतो, आणि राजपत्राचे एक टोक त्यालाच बांधलेले आहे.

फाइलीत वरून खाली असे लावून ठेवले आहे: राजपत्र, ऊर्फच्या नोंदीचा फेरफार, हस्तलिखित फेरफाराची नक्कल, शपथपत्र, दोन पोलीस पाटलांचे दाखले, पासबुकाची जुनी प्रत, शाळेचा उतारा, लग्नपत्रिका. पत्रिका लॅमिनेट केलेली नाही. जुनी छपाई उष्णतेने चिकटते, आणि लॅमिनेट केलेल्या कागदावर शिक्का बसत नाही. ती प्लास्टिकच्या खोळीत आहे आणि तिच्या तीन प्रती मुलीकडे दिल्या आहेत, कारण पुढची वारस नोंद तिला करायची आहे, आणि तिचेही नाव लग्नात बदललेले आहे.